मिशीवाला की चष्मेवाली

सगळी गल्ली त्यांना घड्याळवाले म्हणायची. उभा जन्म बारीक स्क्रूंशी खेळण्यात गेलेला, त्यामुळे माणसांशी काय बोलावं हे त्यांना कधी सुचलंच नाही. मुलगा वारला आणि घरात ते नि सूनबाई एवढीच उरली. बोलणं म्हणजे "वाढू का?" आणि "पुरे." मुलाचा विषय निघेल या धास्तीने दोघंही तोंडाला कुलूप लावून बसलेली.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर स्वयंपाकाची स्पर्धा लागली. एक मिशीवाला घामाघूम होऊन कांदा चिरत होता.

"हाच जिंकणार," सूनबाई पुटपुटली.

"हा? अगं, याला कांदा धड चिरता येत नाही! ती चष्मेवाली बघ."

आणि जी जुंपली, ती रोजचीच झाली. चष्मेवाली केकवर साखरेची जाळी ठेवताना श्वास रोखायची, इकडे घड्याळवालेही रोखायचे. दुकानात भिंगातून बघता बघता त्यांची तंद्री लागायची. टिकटिकणाऱ्या चक्रांमधून पातेल्याची वाफ निघायची आणि वाफेपलीकडे कुणीतरी तिसरं भिंतीला टेकून दोघांचं भांडण ऐकत हसत असायचं. चेहरा दिसणार, तेवढ्यात गिऱ्हाईक खाकरायचं.

अंतिम फेरी जवळ आली तसे घड्याळवाले उरलेले भाग बोटांवर मोजू लागले. कोण का जिंकेना, कार्यक्रम संपला की पुन्हा आपलं "वाढू का" आणि "पुरे."

शेवटी चष्मेवाली जिंकली.

"जिंकलात हो बाबा," म्हणत सूनबाईने टीव्ही बंद केला, ताटं वाढली. घर एकदम गप्प झालं. घड्याळवाल्यांना ते सोसवेना.

"कसली जिंकली! धडधडीत अन्याय आहे. मिशीवालाच जिंकायला हवा होता."

सूनबाई बघतच राहिली. मग पदरात पडलेलं भांडण तिनेही सोडलं नाही. "काहीतरीच काय! त्याचा केक मधोमध खचला होता."

"खचला, पण त्याने टाकून दिला नाही."

"म्हणून काय बक्षीस द्यायचं? चष्मेवालीच खरी!"

"मुळीच नाही!"

"तुमच्यापुढे डोकं आपटून उपयोग नाही. आता कळलं, ह्यांचा हट्टीपणा कुठून आला होता ते."

बोलून गेली आणि तिचा हात तोंडावर गेला. घड्याळवाल्यांचे डोळे भरून आले.

"माझ्याकडून नाही हं," ते म्हणाले. "त्याच्या आईकडून. बस, सांगतो."

वाढलेली ताटं तशीच गार झाली.