जात्याची गाडी आणि रॉकेलचा आळ

आबांवर रॉकेलचा आळ आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आबा म्हणजे माझे वडील. मूळचे कुरुळी गावचे, पण चिंचवडच्या एका कारखान्यात मालकांचे ड्रायव्हर, म्हणून आमचं बिऱ्हाड पिंपरीत. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वर्गात हात वर करायच्या आधी मी तीनदा विचार करायची. हे एवढ्यासाठी सांगते की पुढे मी जे बोलले ते माझ्या स्वभावातलं नव्हतं.

मालकांकडे, म्हणजे साहेबांकडे, एक जपानी गाडी होती. लाल, बुटकी, दोन दारांची, कुणा नातेवाइकाने बोटीने पाठवलेली. तिच्या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टन नव्हते. तीन कोनांचा एक जाड लोखंडी तुकडा पोकळीत गरागरा फिरायचा, म्हणून कारखान्यात तिला 'जात्याची गाडी' म्हणायचे. पळायची वाऱ्यासारखी, आणि पेट्रोल प्यायचीही तशीच. ते तिचं मूळचंच खाणं होतं. पण साहेबांना वाटलं, कुणीतरी टाकीतून पेट्रोल काढतंय. कुणीतरी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. पुण्याहून टाकीला कुलपाचं झाकण बसवून आणलं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली. पेट्रोल भरायचं असेल तेव्हा आबांनी ती मागून न्यायची. त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

त्यानंतर गाडी रुसायला लागली.

एका शनिवारी मी आबांचा डबा घेऊन कारखान्यात गेले, तर आवारात गर्दी. साहेब नुकतेच गाडीतून उतरले होते.

"देहूरोडच्या पुढं गेलं की हिचा दमच जातो," ते मिस्त्रींना सांगत होते. "पाय दाबून उपयोग नाही. दहा मिनिटं थांबलं की परत चालते. आणि इथं आणली की ठणठणीत!"

मिस्त्री कारखान्यातली मशिनं दुरुस्त करायचे. त्यांनी बॉनेट उघडलं, मग मागे जाऊन सायलेन्सरजवळ नाक नेलं. "धूर बघा की साहेब. वास येतोय. हे निखळ पेट्रोल न्हाई. ह्यात रॉकेल हाय."

"काय राव," मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे घरचा स्टोव्ह आन् साहेबांची गाडी एकाच डब्यावर!"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. आबांकडे वळून म्हणाले, "कुलूप लावल्यापासून हे सुरू झालंय. काढता येईना, म्हणून आता पंपावर भेसळ करून पैसे मारता होय? सोमवारी मिस्त्री इंजिन उघडतील. आत काजळी निघाली, तर मंगळवारी कामावर येऊ नका."

माझ्या हातात डबा होता. मला ठाऊक होतं की काजळी कुठल्याही इंजिनात निघतेच. म्हणजे निकाल आधीच लागला होता. आणि हे इंजिन एकदा उघडलं की त्या फिरत्या तुकड्याच्या कडांना बसवायच्या पट्ट्या इथे कुठेही मिळणार नव्हत्या. गाडी कायमची बसली असती, अन् तिच्याबरोबर आबांचं नाव. पण मी डबा आबांच्या हातात देऊन तशीच घरी आले.

त्याहून वाईट ते घरी झालं. ताटावर मी विचारलं, "आबा, कधी... थोडंसं तरी?"

त्यांचा घास हातातच राहिला. "न्हाई," ते म्हणाले. एवढंच. आईने माझ्याकडे असं पाहिलं की ताटावरून उठून जावंसं वाटलं.

मग, काहीतरी भरून काढायचं म्हणून, मी वही घेऊन बसले. गाडी नेमकी कधी दम सोडते? चढाला? उन्हात? आबा नाइलाजाने उत्तरं देत होते. मग एकदम म्हणाले, "टाकी गच्च भरली की लई नखरे. आन् निम्मी असली तर लोणावळ्यापतुर कुरकुर न्हाई."

"उलटं पाहिजे ना आबा? पेट्रोल कमी असेल तर अडचण."

"उलटं पायजे, पन हाय हे असं हाय."

रविवारी सकाळी आईने गोडेतेलाचा नवा डबा फोडायला घेतला. एका कोपऱ्यात खिळा ठोकला, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरा. हे मी शंभर वेळा पाहिलं असेल. तिने डबा वाकडा केला तेव्हा मी दुसऱ्या भोकावर अंगठा ठेवला. धार दोऱ्याएवढी झाली आणि तुटली.

"अगं, अंगठा काढ! वारा आत गेल्याबिगर तेल कसं येईल?"

डबा काठोकाठ भरलेला होता. आत हवा अशी नव्हतीच, म्हणून धार लगेच तुटली. निम्मा डबा असता तर आतल्या हवेवर थोडा वेळ तरी चाललं असतं. मी तेलकट अंगठ्यानेच आबांना हाक मारली.

साहेबांच्या बंगल्यावर जायला ते तयार नव्हते. "पोरी, नोकरी जाईल."

"ती मंगळवारी जाणारच आहे, आबा."

साहेब फाटकाशी आले. मी म्हणाले, "मी यांची मुलगी. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंजिन उघडायच्या आधी एकदा गाडी चालवून बघू. पेट्रोल तुम्ही स्वतः उभं राहून भरा. चावीही तुमच्याकडेच ठेवा."

"कॉलेजात जात्याचं इंजिन शिकवतात वाटतं?"

"नाही. पण दोष इंजिनात नाही. आणि आबांच्यातही नाही."

हे दुसरं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते आत गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले.

पंपावर टाकी काठोकाठ भरली. गाडी साहेब चालवत होते, शेजारी आबा, मागच्या अरुंद जागेत गुडघे छातीशी घेऊन मी. देहूरोड मागे पडलं आणि थोड्या वेळाने इंजिनाचा सूर उतरला. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेला.

"बघ! हेच!"

"बाजूला घ्या. इंजिन बंद करू नका, फक्त झाकणाची चावी द्या."

इंजिन आचके देत होतं. मी कुलूप उघडलं, झाकण फिरवलं. ते आतून कुणी धरून ठेवावं तसं घट्ट होतं. मग सुटलं आणि टाकीने लांब श्वास आत ओढला, सूंऽऽ करून. इंजिन जागच्या जागी सावरलं. साहेबांनी पाय दाबला तसं ते पूर्वीसारखं किंचाळलं.

"योगायोग," ते म्हणाले.

"परत कुलूप लावते. पुढं चला."

काही मैलांवर पुन्हा तेच झालं, पुन्हा तोच श्वास. तिसऱ्या वेळी साहेब स्वतः उतरले, स्वतः झाकण उघडलं आणि कान लावून उभे राहिले. मी गाडीतलं इंग्रजी माहितीपुस्तक काढून त्यांच्यापुढे धरलं. जुन्या झाकणाच्या चित्रात हवेसाठी बारीक भोक दाखवलं होतं. नव्या कुलपाच्या झाकणाला ते नव्हतं, म्हणून पेट्रोलच्या जागी आत वारा जातच नव्हता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की हे इंजिन थोडं तेल जाळतच चालतं, त्याची घडणच तशी आहे; म्हणजे धूर आणि वास त्या तेलाचाच. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"सापडलं म्हणजे झालं," म्हणाले आणि गाडीत बसले.

सोमवारी मी कॉलेज बुडवलं. मिस्त्री हत्यारं मांडून बसले होते, शनिवारचेच लोक भोवती. साहेब आले. "इंजिन उघडायचं नाही. झाकणाचा दोष होता. त्याला एक भोक पाडा."

"आणि रॉकेल?" मी विचारलं.

आबांनी माझा दंड धरला. "गप."

"नाही आबा. साहेब परवा सगळ्यांसमोर बोलले होते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "नव्हतं," ते म्हणाले. "रॉकेल नव्हतं."

मिस्त्री कुलपाचं झाकण घेऊन ड्रिलकडे निघाले, तेव्हा आबा पुढे झाले. नोकरीच्या अकरा वर्षांत साहेबांसमोर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "भोक नगं, मिस्त्री. कुलूपच नगं. कुलपाची गाडी मी चालवणार न्हाई. दुसरा मानूस बघा."

साहेबांनी खिशातली चावी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीत टाकली. आबांनी डिकीतून जुनं झाकण काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि टाकीवर बसवलं.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालत घरी येताना मला फार बोलायचं होतं. तेच आधी म्हणाले, "तूबी इचारलं व्हतंस मला."

"हो, आबा. चुकले."

"तू इचारलंस तरी. त्यांनी इचारलंबी न्हाई."

आबांनी मला मोकळं केलं, हे कळत होतं. पण त्यांचा हातात राहिलेला तो घास मला अजून दिसतो, आणि ते उत्तर मी अजून पुरेसं मानलेलं नाही.