छानबंदी

आमच्या सूनबाई दुसरीच्या वर्गाला शिकवतात. त्यांच्या वर्गात ‘छान’ला बंदी. ‘चांगला’, ‘बरा’ हेही त्याच यादीत. कुणाच्या तोंडून चुकून निसटलं, की अख्खा वर्ग ओरडतो, “शिळा!” मग बोलणाऱ्याने ताजा शब्द शोधायचा.

आम्हाला गावच्या शाळेत विशेषण छडीने शिकवलं. व्याख्या घडाघडा पाठ. वापरायचं कुठे, देव जाणे. मी निबंधात लिहिलं होतं, ‘आमचे मास्तर उपयुक्त आहेत.’ विशेषण अगदी बरोबर होतं, तरी मार बसलाच. असो, गाडी भरकटली.

दर शनिवारी सूनबाई कुणालातरी वर्गात स्टुलावर बसवतात. मुलांनी निरखून पाहायचं, दिसेल तेच सांगायचं, मग लिहायचं. एकदा मी बसलो. “केसाळ कान,” एक चिमुरडी म्हणाली. घरी येऊन आरशात पाहिलं, तर खरंच की हो!

त्याच सुमारास आमच्या हिचं, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाईंचं, जेवण तुटलं. दोन घासांत ताट सरकवायची. डॉक्टरचं नाव काढलं की फणकारायची, “मला काय धाड भरलीय?” आम्हीही “छान दिसतेस गं” म्हणून वेळ मारून नेत होतो. तिचं मन रमावं म्हणून सूनबाईंनी तिलाच स्टुलावर बसवलं. मी मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून.

“सांगा, आजी कशा आहेत?”

“ठेंगण्या!”

“सुरकुतलेल्या!”

“तुझे आजोबा काय गुळगुळीत आहेत?” हिने विचारलं. वर्ग खिदळला.

एक मुलगी उठून अगदी जवळ गेली. “पिवळ्या.”

“स्वेटर निळा आहे ना गं?” सूनबाई म्हणाल्या.

“स्वेटर नाही, बाई. डोळे पिवळे. आणि अंगठी सैल. दोरा गुंडाळलाय.”

पोरं माना खाली घालून लिहायला लागली. सूनबाईंच्या हातातला खडू हातातच राहिला.

घरी येताना त्या म्हणाल्या, “बाबा, रोज आईंना ताट मी वाढते. मला कसं दिसलं नाही?”

“पोरं ती, काहीही बोलतात,” ही म्हणाली.

“माझी पोरं काहीही बोलत नाहीत, आई. तेवढंच तर शिकवते मी त्यांना.”

सोमवारी दवाखान्यात गेलो. ही आली, पण तोंड फुगवूनच. डॉक्टरांनी पोट दाबत विचारलं, “कसं दुखतं?”

“बरं आहे हो.”

“शिळा!” सूनबाई ओरडल्या. डॉक्टर दचकले.

हिने सुनेकडे पाहिलं. हसेल असं वाटलं, पण हसली नाही. हळूच म्हणाली, “जड. पोटात ओला दगड ठेवल्यासारखं. आणि रात्री पाठीत कुरतडणारं.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

मी शेजारीच झोपतो हो तिच्या!

तपासण्या चालू आहेत. एक अहवाल अजून यायचाय. फोन वाजला की मी आधी टीव्हीचा आवाज बंद करतो. छानबंदी आता घरातही लागू झाली आहे. सकाळी सूनबाई विचारतात, “आई, आज कसं?” कधी उत्तर येतं “मळमळतं,” कधी “हलकं.”

काल हिने सैल अंगठी बोटावर फिरवली. मग म्हणाली, “आज मी भेदरलेली आहे.”

सूनबाईंची शाळेची वेळ झाली होती. त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि हिच्या शेजारी बसल्या.