काकीच्या बकऱ्या आणि बंद डोंगर

सातपुडा मी जन्मापासून पाहत आलेय, पण प्रकाशा गावातल्या आमच्या गच्चीवरून. तापीकाठच्या आम्हा केळीवाल्यांना तो म्हणजे उत्तरेकडची निळी रेघ. कॉलेजातली मैत्रीण वंदना पावरा समाजातली, पण मला चिडवायला माझी अहिराणी शिकलेली. दिवाळीआधी तिचा फोन आला, "मन्हं गाव देखाले येशी का?" मी पिशवी भरली. आई म्हणाली, "तठे काय शे देखाले?"

तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट. अक्कलकुव्यापर्यंत एसटी, पुढे मोलगीला जीप. भाडं आधी विचारून घ्या आणि भरल्या पोटी बसू नका, हे शहाणपण मला घाटात सुचलं. मोलगीच्या बाजारात आमचूर छान मिळतं. वंदनाचं गाव तिथून तासाभराच्या चालीवर.

दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ खाऊन आम्ही बैठकीला गेलो. कुठला उतार पाणी धरतो, कोण कुठे गुरं चारतं, याचा अभ्यास गावकरी आणि कॉलेजची मंडळी मिळून करताहेत. वंदना त्यातच काम करते. नाल्यावरचा डोंगर काही वर्षं चराईला बंद ठेवायचा, म्हणजे झाडं वाढतील आणि उन्हाळ्यात नाला आटणार नाही, असं ठरत आलं होतं. सगळे हो म्हणाले, फक्त वंदनाची सख्खी जेमतीकाकी सोडून. तिला शेत नाही, बकऱ्याच आहेत.

"बहुमत तर आहे," कॉलेजचे सर हळूच म्हणाले.

"इथे हात मोजत नाहीत, सर," वंदना म्हणाली. "एकाचा नकार असला की बैठक उठते."

आणि उठलीच. वंदनाचा चेहरा पडला. खरं सांगते, मला काकीचा राग आला.

सकाळी काकीच्या अंगणात विळे घेऊन माणसं हजर. इथे लाहा असतो. मजुरी न घेता एकमेकांचं काम उरकायचं. गवत विळ्याने कापलं तर रोपं वाचतात, बकरी मात्र शेंडाच खाते. म्हणून ते तिच्यासाठी चारा कापणार होते. काकी पावरीत बोलली, वंदनाने मला सांगितलं, "लाहा एक दिवसाचा. बकऱ्या रोज खातात."

मग घरागणिक पाळी ठरली.

"आणि ज्या दिवशी कोणी आलं नाही?" काकीने विचारलं.

शेवटी गावचा कारभारी म्हणाला, "त्या दिवशी बकऱ्या डोंगरावर सोड."

काकीने होकाराची मान हलवली.

घरी आल्यापासून शेजारच्या शेतातल्या नव्या बोअरचा आवाज जास्तच ऐकू येतो. आमचीही बोअर खोल आहे, आणि ती घेताना आम्ही कुणाला विचारलं नव्हतं. लाज वाटते.

महिन्याने वंदनाला फोन केला. "बकऱ्या सुटल्या का गं?"

"एकदाच."

"कुणाची पाळी चुकली?"

"माझी. नंदुरबारला गेले होते, आमचा डोंगर गावाने कसा राखला ते सांगायला."