वहिनींना नवे भाग आवडतात

आमच्या कळंबमध्ये त्या सिनेमांचं वेड असलेली माणसं दोनच होती, दादा आणि मी. रविवारी दुपारी दादा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून वालचंदनगरला मावशीच्या क्वार्टरवर न्यायचा. मावशीकडं केबल होती, आणि हिंदीत डब केलेले ते अंतराळातले सिनेमे एका चॅनेलवर पुन्हा पुन्हा लागायचे. त्यात एक बचावयान होतं. कुठल्याही ग्रहावर कुणी अडकलं की त्याची हाक यानाच्या रेडिओवर यायची आणि पांढऱ्या मिशांचा कॅप्टन हातातलं काम टाकून तिकडं यान वळवायचा. हाक आली की जायचं, एवढाच त्याचा कायदा.

काका जेवून आडवे झालेले असायचे, म्हणून आम्ही आवाज बारीक करून बघायचो. निम्मे संवाद ऐकूच यायचे नाहीत. ते आम्ही पदरचे घालायचो. परत येताना दादा कॅप्टन व्हायचा आणि मी मागं बसून रेडिओ सांभाळायची.

"कॅप्टन, लासुर्ण्याकडनं हाक आलीया!"

"काय म्हणत्यात?"

"म्हशी अडकल्यात!"

की दादा उभा राहून पेडल मारायला लागायचा. हसून हसून मी एकदा कॅरिअरवरून खाली पडले, तरी काय झालं ते घरी सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतंच. ते आमच्या दोघांचं होतं.

पुढं मी लॅबचा कोर्स केला आणि बारामतीत एका दवाखान्यात रक्त तपासायला लागले. दवाखान्याजवळच खोली घेतली. दादानं घरची शेती हातात घेतली. टोमॅटो, ढोबळी मिरची, असं. मधली बरीच वर्षं त्या मालिकेचे सिनेमे बंदच होते. मग कुणा नव्या लोकांनी ती परत सुरू केली. पहिला नवा भाग लागला तेव्हा दादा मोटारसायकलवर बारामतीला आला. त्या भागात कॅप्टन म्हातारा झालेला, यान दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं आणि यानावर एक बडबडी पोरगी मेकॅनिक म्हणून आलेली. बाहेर पडल्यावर मिसळ खाता खाता आम्ही त्या सिनेमाची सालटी काढली. दादा त्या पोरीची नक्कल करायचा आणि माझ्या नाकातून पाणी यायचं. इतका वाईट सिनेमा बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

नंतर दादाचं लग्न झालं. वहिनी इंदापूरच्या, डाळिंबाच्या बागायतदारांच्या घरातल्या, जवळपास माझ्याच वयाच्या. कामाला चपळ, बोलायला गोड. आईला आवडल्या, शेजारपाजारच्यांना आवडल्या. नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती, आणि मला तेच जड जात होतं. एखादी खोट सापडली असती तर बरं झालं असतं.

दुसरा नवा भाग आला तेव्हा दादाचा फोन आला. "बारके, तीन तिकिटं काढून ठेव."

"तिसरं कुणाचं?" मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं.

थिएटरात दादा आमच्या दोघींच्या मध्ये बसला आणि सगळा सिनेमाभर वहिनींच्या बाजूला कलून त्यांच्या कानात सांगत राहिला. हा कोण, तो कोण, हे यान कुठलं. माझ्या वाट्याला त्याचा खांदा आला. त्या भागात असं दाखवलं होतं की कॅप्टननं फार पूर्वी एकदा हाक ऐकली होती आणि गुपचूप रेडिओ बंद केला होता. ज्यांच्याशी तो इतकी वर्षं लढत होता ते शत्रू म्हणजे ती हाक देणाऱ्या लोकांचीच पोरंबाळं. मी खुर्चीत बसल्या बसल्या तापले. बाहेर चहाच्या गाडीवर आल्यावर मला वाटलं, आता दादा सुरू होईल. तो काही बोलेना, म्हणून मीच सुरू केलं.

"कॅप्टन असं करूच शकत नाही. त्यांनी माणूसच बदलून टाकला."

"का करू शकत न्हाय?" वहिनी म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एकदा पण दमला नसंल व्हय?"

"वहिनी, तुमी जुने भाग बघितलेलं न्हाईत."

"न्हाय बघितलं. पण ज्यांच्याकडं कुणी गेलंच न्हाय त्यांचं पुढं काय झालं, ते जुन्यात कुठं हाय?"

मी दादाकडं बघितलं. तो चहा फुंकत होता.

"मुद्दा हाय तिचा," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. पण त्या दिवशी मी खोलीवर चालत गेले. त्यानं मोटारसायकलवर सोडतो म्हटलं होतं. पण तीन माणसं कशी बसणार, असं मी म्हणाले, आणि त्यालाही ते लगेच पटलं.

भाऊबीजेला दुपारी घरी पोचले तर आतल्या खोलीतून ओळखीचं संगीत ऐकू आलं. जुन्यातल्या पहिल्या भागाचं. दोघं लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसले होते. दादा वहिनींना पहिल्यापासून एकेक भाग दाखवत होता. मला बघून वहिनी हसत उठल्या आणि म्हणाल्या, "या ताई, या! म्हशी अडकल्यात!"

त्यांनी प्रेमानंच म्हटलं. मला मात्र कुणीतरी माझी पेटी उघडून आतले कपडे दोरीवर वाळत घातल्यासारखं झालं. दादानं सांगितलं होतं. सायकल, रेडिओ, म्हशी, सगळं. त्याला त्यात सांगू नये असं काही वाटलंच नव्हतं. मी ओवाळलं. त्यानं ओवाळणीत साडी घातली. साडी वहिनींनी निवडलेली होती आणि रंग नेमका माझ्या आवडीचा होता. त्याचाही मला राग आला.

त्या सिनेमांच्या चाहत्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रूप होता, बारामती-इंदापूरकडच्या लोकांचा. तो मी काढला होता. त्यात कॉलेजची पोरं होती, एक मेडिकलवाले होते, एक बँकेतले होते. बहुतेक सगळे जुन्या भागांचे, नव्यांना शिव्या घालणारे. माझं लिहिणं लांबलचक असायचं आणि लोक खाली अंगठे द्यायचे. मग दादानं मला न विचारता वहिनींना ग्रूपमध्ये घेतलं.

वहिनी लिहायच्या नाहीत, बोलून पाठवायच्या. मागं कुकरची शिट्टी व्हायची, मिरच्या निवडताना पाट्या सरकवल्याचा आवाज यायचा, आणि त्या सांगायच्या की त्या मेकॅनिक पोरीला एवढं का झोडता, तिनं यान दुरुस्त केलं म्हणून तर तुमचा कॅप्टन जिवंत हाय. ग्रूपमध्ये जुनेवाले आणि नवेवाले असे दोन तट पडले. पोरं कडाकडा भांडायची, पण वहिनींचं बोलणं आलं की ऐकून घ्यायची. सगळे त्यांना वहिनीच म्हणायला लागले. मेडिकलवाल्यांनी तर एकदा लिहिलं, "वहिनी म्हणतात त्यावर विचार करायला पाहिजे." माझ्या म्हणण्यावर कुणी कधी विचार केला नव्हता. त्याच दिवशी मी कॅप्टनच्या बाजूनं जीव ओतून लिहिलं. दादानं वहिनींच्या बोलण्याखाली बदाम टाकला. माझ्या लिहिण्याखाली काहीच नाही.

मी ग्रूप सोडला. दादाचा फोन आला.

"ग्रूप सोडलास व्हय?"

"चुकून बोट लागलं."

"मग घेऊ का परत?"

"नको. मोबाईलमधी जागा न्हाय."

तिसरा भाग लागला तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. सुट्टी टाकली आणि पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला एकटीच गेले. दारात वहिनी उभ्या. हेल्मेट हातात, ओढणी धुळीनं माखलेली. कळंबहून स्कूटीवर आल्या होत्या.

"ह्यांचा आज टोमॅटोचा तोडा हाय," त्या म्हणाल्या. "तुमी पयला खेळ सोडत न्हाय म्हणून ठाऊक हुतं. म्हणून थांबले."

मी दोन तिकिटं काढली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. म्हातारा कॅप्टन त्या न ऐकलेल्या हाकेच्या ठिकाणी जातो. सगळे नको म्हणतात, तरी तो यान वळवतो. तिथं मला रडू फुटलं. पुढं ते लोक त्याला माफ करतात, आणि शेजारी वहिनी एवढ्यांदा "हॅट्!" म्हणाल्या की पुढच्या ओळीनं मागं वळून बघितलं.

बाहेर येताच आम्ही भांडायला लागलो.

"माफ कशाला केलं?" वहिनी म्हणाल्या. "एवढी माणसं मेली, आन् हा आला, डोळं पुसलं की झालं?"

"तो आला तरी," मी म्हणाले. "म्हातारपणी एवढ्या लांब आला. मला तर आवडला."

"तुमाला? नवा भाग?"

"व्हय, मला."

पार्किंगमध्ये स्कूटीपाशी पोचलो तरी आमचं संपेना. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसलो, तिथंही तेच. आता नव्या भागाची बाजू मी घेत होते आणि शिव्या वहिनी घालत होत्या, आणि दोघींपैकी एकही मागं हटायला तयार नव्हती. मग ग्लास खाली ठेवून त्या अचानक म्हणाल्या, "एक सांगू? मला तुमचा लई हेवा वाटायचा."

"माझा?"

"लग्न झाल्यापासनं ह्यांच्या तोंडात तुमीच. बारकी असं म्हणायची, बारकीला हे आवडायचं. मला वाटायचं, ह्या घरात हसण्यासारखं जे काय हाय ते माझ्या आधीच हून गेलंय. जुनं भाग बघतानाबी तसंच. हे आधीच हसायला लागायचे, मला कळायचं न्हाय का ते. नव्या भागांत तसं न्हाय. तितं पुढं काय हुणार ते तुमाला पण ठाऊक नसतंय."

अशा वेळी माणसानं दुसऱ्याच्या हातावर हात ठेवायचा असतो. मला ते सुचलं नाही. दादा घरी माझंच बोलतो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"आणखी काय काय सांगतो?" मी विचारलं.

वहिनी हसायला लागल्या. मग त्यांनी सांगितलं, बराच वेळ, आणि मी एकेक गोष्ट ऐकत बसले. काही माझ्या लक्षातही नव्हत्या. निघताना स्कूटी चालू करत त्या म्हणाल्या, "ह्यांना तुमीच दाखवा हा भाग. मी बघितलाय. बहीणभाऊ जावा दोघं."

पुढच्या आठवड्यात दादा आला. दोनच तिकिटं, दोनच खुर्च्या, मध्ये कुणी नाही. मला हवं होतं ते अगदी जसंच्या तसं मिळालं होतं. कॅप्टननं यान वळवलं तेव्हा मी दादाकडं बघितलं. तो पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाला, "हितं ती रडली असंल, न्हाय?"

"न्हाय," मी म्हणाले. "हितं मी रडले."

"तू? तुला तर नवं आवडत न्हाईत."

"गप बघ."

मध्यंतरात मी समोसे घेऊन आले, तर तो जिन्यापाशी उभा राहून फोनवर बोलत होता. "अगं, तू म्हणत हुतीस ते आता कळलं... न्हाय, अजून माफ न्हाय केलं... बारकी? हाय की हितंच." माझ्याकडं बघून त्यानं एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून. मी थांबले. तो बोलतच राहिला, हसतही होता, आणि पलीकडच्या कुठल्या बोलण्याला हसतोय ते मला काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही हातांत समोसे धरून किती उभं राहणार? मी माझा समोसा खाल्ला, आणि मग त्याच्या वाटणीचाही.