चिचुंद्रीची भूक

प्राणिसंग्रहालयाच्या स्वयंपाकघरात तिला सगळे मामी म्हणत. कोणाची मामी, हे विचारायचं नाही. हत्तीपासून घुबडापर्यंत सगळेच तिचे भाचे. बाई अंगाने काडी, उंचीने बेताची, आणि भूक विचाराल तर सासूबाईंनी तिच्यासाठी एक म्हणच मोडून ठेवली होती: "मूर्ती लहान, पण भूक महान!" लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा हे पहिल्यांदा ऐकावं लागलं. सगळं घर हसलं. मामीही हसली, आणि त्या दिवसापासून दोनदाच वाढून घेऊ लागली. उरलेली भूक ती दाराआड उभ्याने भागवायची, पातेल्याला चमचा लागू न देता. हे इतकं अंगवळणी पडलं, की त्याचं वाईट वाटतं हेसुद्धा ती विसरून गेली.

आधी ती एका वसतिगृहाची खानावळ सांभाळायची. तिथला हिशेब सोपा: डोकी मोजा, तांदूळ धुवा. इथे डोकी मोजून भागेना. एका डोक्याला गाडीभर चारा, दुसऱ्याला चिमूटभर दाणे. मामीने मनाशी म्हटलं, मग वजनावर वाटू. दुप्पट अंग, दुप्पट घास, न्यायाला न्याय. नोकरीच्या सुरुवातीला एकदा गंमत म्हणून तिने हत्तीच्या मानाने चिचुंद्रीचा वाटा काढून पाहिला. हातात आली जेमतेम भाताची दोन शितं.

ही चिचुंद्री म्हणजे घरात भिंतीकडेने पळते ती नव्हे. चिचुंद्र्यांमधली सगळ्यात लहान जात, अंगठ्याएवढी, अंधाऱ्या खोलीत काचेमागे ठेवलेली एक जोडी. आणि भिंतीवरचा तक्ता सांगत होता, की हिला रोज तिच्या स्वतःच्या वजनाहून जास्त अळ्या द्या, आणि वाटी दिवसातून पुन्हा पुन्हा भरा. तिकडे एवढा मोठा हत्ती दिवसभर सोंड हलवून आपल्या वजनाचा विसावा हिस्साही खात नव्हता. मामीला वाटलं, तक्ता लिहिणाऱ्याला डुलकी लागली असणार. तिने वाटी मात्र तक्त्याप्रमाणेच पाठवली, पण कोडं काही डोक्यातून जाईना.

मग ती दुपारचा डबा घेऊन त्या अंधाऱ्या खोलीतच बसू लागली. चिचुंद्री क्षणभर स्वस्थ बसेल तर शपथ! नाक सारखं वळवळतंय, कुशी थरथरताहेत, अळी संपायच्या आत दुसरीचा शोध सुरू. हत्तीकडे जाऊन उभं राहिलं, तर त्याचा एक श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंत माणसाला कंटाळा यावा. एवढ्याशा पोटात जातं कुठे सगळं? मामी बघत राहायची आणि बघता बघता स्वतःचा डबा चाटून पुसून साफ करायची. तिथे अंधार होता आणि म्हण ऐकवणारं कोणी नव्हतं. दिवसातली तेवढीच वेळ ती पोटभर जेवायची.

घरी तिची एकुलती एक लेक होती. नुकती वाढीला लागलेली, अंगाने आईचाच छाप. एका सकाळी पोरीने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. सासूबाईंनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडायच्या आत मामीच बोलली, "पुरे आता. एक वेळ उपाशी राहून कोणी मरत नाही." हे वाक्यही सासूबाईंचंच. पोरीला टोमण्यापासून वाचवलं, असं मामीला वाटलं. पोरीने निमूटपणे ताट धुतलं.

त्या दिवशी प्राणिसंग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी सिंहांना मांस देत नाहीत. रानात तरी त्यांना रोज कुठे मिळतं? भरल्या पोटी ते एक दिवस आरामात लोळून काढतात. कामाची माणसंही त्या दिवशी निम्मीच यायची. दुपारी चिचुंद्र्यांचा राखणदार स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला. "मामी, अळ्यांची वाटी?"

मामीपुढे भाजीचा ढीग पडला होता. अळ्या निवडायच्या, तोलायच्या, म्हणजे अर्धा तास गेला. "अरे, सिंह दिवसभर उपाशी आहे," ती म्हणाली, "तर ही टिचभर बया संध्याकाळपर्यंत राहील की. एक वेळ उपाशी राहून कोणी मरत नाही."

सकाळचंच वाक्य परत आपल्या तोंडून गेलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी राखणदार धावत आला. एक चिचुंद्री मेली होती, दुसरी गार पडली होती. मामी हातातली सुरी टाकून पळाली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई त्या चिमुकल्या जिवाला गरम कपड्यात धरून काडीच्या टोकाने तोंडाला पातळ खाणं लावत होत्या. मामीला रडू आवरेना. मघाशी आपण काय बोललो, हे तिने न विचारताच सांगून टाकलं.

"रागवा मला," ती म्हणाली.

"रागावेन, पण मागून. आधी तो दिवा जरा जवळ धरा."

बऱ्याच वेळाने नाक वळवळलं. मग जीभ हलली.

"सिंह राहिला, मग ही का नाही राहिली?" तिने हळूच विचारलं.

"सिंहाच्या अंगात साठा असतो, आणि तो जळतो हळू. हिच्याकडे साठा नावालाच, आणि जळतो भराभरा. पातेलंभर चहा किती वेळ गरम राहतो? आणि कपातला?"

"कपातला लगेच निवतो."

"तसंच थोडंसं. लहान अंगाची ऊब लवकर जाते. प्राणी सोळापट वजनाचा झाला, तर त्याला खाणं सोळापट लागत नाही, साधारण आठपटच पुरतं. उंदरापासून हत्तीपर्यंत ढोबळ मानाने असंच जातं."

मामीचे डोळे विस्फारले. म्हणजे दुप्पट अंगाला दुप्पट घास, हा आपला न्याय मुळातच चुकीचा! "पण आठपटच का? ते चहाचंच कारण?"

"नुसत्या चहाने हिशेब जुळत नाही. त्या हिशेबाने सहापटीच्या जरा वर निघतं. कोणी म्हणतं, रक्ताच्या नळ्या अंगभर कशा फुटत जातात त्यावर आहे; कोणी आणखी काही म्हणतं. वाद चालूच आहे. मलाही माहीत नाही."

मामी जराशी घुटमळली. "मग माझंही तसंच का हो? मी लहान, म्हणून माझी भूक..."

डॉक्टरीणबाई हसल्या. "नाही मामी. हे जातीजातींमधलं गणित आहे. दोन माणसांत एवढा फरक पडत नाही. तुम्ही दिवसभर राबता, भूक लागते, खाता. त्याला चिचुंद्रीचा दाखला कशाला हवा? वाढत्या वयाच्या पोरांचं मात्र बघा हं, त्यांना खरंच जास्त लागतं."

सकाळी पोरीने पुढे केलेलं ताट मामीच्या डोळ्यांपुढे आलं. तिने दिवा खाली ठेवला आणि चपला शोधू लागली.

घरात पाऊल टाकलं, तेव्हा सासूबाई पलंगावर होत्या आणि नवरा रेडिओशी खटपटत होता. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. मामीने दार ढकललं. दाराआड लेक उभी होती, तोंडात घास, हातात पातेलं. चमचा कडेला लागू नये म्हणून तिने तो बोटांत धरला होता, अगदी मामी धरते तसा. आईला बघताच तिने घास न चावताच गिळला आणि पातेलं पाठीमागे लपवलं.

हे आपण तिला कधीच शिकवलं नव्हतं. तरी ती शिकली होती.

मामीने दिवा लावला. पातेलं लेकीच्या हातून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत सगळ्यांच्या मधोमध नेऊन ठेवलं. दोन ताटं मांडली. लेकीला वाढलं, मग स्वतःला वाढलं.

"बस इथे. चाव नीट."

दोघी जेवू लागल्या. दुसऱ्यांदा वाढून झालं. तिसऱ्यांदा मामीने पातेल्यात हात घातला, तेव्हा सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "मूर्ती लहान..."

"हो, सासूबाई," मामी म्हणाली आणि चमचा पातेल्यावर खणखणीत आपटून लेकीच्या ताटात भात वाढला.