सुमनला आणायला शिरपूरला

आईचा हुकूम साधा होता: सुमनला घेऊनच ये. माझी धाकटी बहीण शिरपूरजवळच्या एका गावात संस्थेचं काम करत होती आणि इकडे जळगावात बँकेची नोकरी तिची वाट पाहत होती. नव्वदच्या आसपासची, श्रावणातली गोष्ट. समजूत घालण्यात माझा हातखंडा आहे, असं निदान माझं तरी मत होतं.

एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने धुळं गाठलं. स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. तुम्ही खाणार असाल तर आधी पाणी मागवा, मग तर्री. पुढे आग्रा रोडने नरडाण्यावरून जायचं आणि तापीचा पूल ओलांडला की शिरपूर. गावाकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. भाडं किरकोळ, पण अर्ध्या मांडीवर बसायची तयारी हवी.

सुमन सातपुड्यातल्या पाड्यांवर गरोदर बायकांची तपासणी करून आली ती चिखलाने माखूनच. मानधन म्हणजे चपलांचा खर्च निघेल एवढंच. मी बँकेचं पुराण सुरू केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मला रोज सकाळी कामावर जावंसं वाटतं. तुला वाटतं?"

मी कचेरीत नोकरी करते. मी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी रविवार, कानबाईचा सण. आम्ही मूळचे कोकणातले, वडिलांच्या बदलीने जळगावकर झालेले, त्यामुळे यातलं मला ओ की ठो ठाऊक नव्हतं. सुमन ज्यांच्या घरी भाड्याने राहायची, त्या अक्कांनी देवी मांडली होती. नारळाला डोळे, नथ, अंगावर दागिने; फार गोड दिसत होती. आरती झाल्यावर नैवेद्याचे जाड रोट आले. वास सुटला होता. मी हात पुढे केला.

अक्कांनी माझा हात धरला. "राग येऊ देऊ नको, बेटा. हाऊ रोट घरनाच मानसेस्ना शे. पाव्हनीले नही देता येत."

मी ओशाळून सुमनकडे पाहिलं. तिच्या ताटात रोट होता.

"आणि ही?" मी विचारलं.

"हिनी मूठ मी दळनमा टाकेल शे," अक्का म्हणाल्या. "ती आमनीच शे."

दळणात घरातल्या माणसागणिक गव्हाची एकेक मूठ पडते, हे सुमनने मला नंतर समजावलं. मला वेगळी खीर मिळाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी मिळाली, अक्कांनी आग्रह करकरून वाढलं. पण खरं सांगते, त्या रोटाचा मला हेवा वाटला. इतकी वर्षं नोकरी केली, कुणाच्या दळणात माझी मूठ पडली नाही.

बँकेचं नाव मी पुन्हा काढलं नाही. सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून, एकटीच जळगावच्या गाडीत बसले.

आई दारातच होती. माझ्या मागे रस्त्यावर बघत म्हणाली, "सुमन कुठंय?"

"तिच्या घरी सण होता, आई."