मावशीची एकच लेन्स

माझी मावशी कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करायची. चाळीस वर्षं एकच खुर्ची, एकच टेबल, बोटाएवढे स्क्रूड्रायव्हर आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग. दुकान एवढं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला पायरीवर उभं राहावं लागे. कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसायची. लेन्सवरची बुरशी पुसायच्या औषधाचा वास अजूनही कुठे आला, तर मी चालता चालता थांबते. त्या दुकानाची मला फार आठवण येते.

दुरुस्तीपेक्षा लोक तिच्याकडे सल्ल्यालाच जास्त यायचे. प्रश्न ठरलेला: "मावशी, प्रवासाला, डोंगरात न्यायला एकच झूम लेन्स घ्यायचीय. कुठली घेऊ?" गिऱ्हाइकंही तिला मावशीच म्हणायची. ती कधी लगेच उत्तर द्यायची नाही. "आधी तुमच्या आवडीचे शंभर फोटो घेऊन या," म्हणायची. कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर झूमचा आकडा नोंदून ठेवतो. आकडा लहान, तर समोरचं सगळं मावतं. मोठा, तर लांबचं जवळ येतं. मावशी ते आकडे बघत जुन्या पावतीच्या पाठीवर रेघा मारत बसायची आणि मग त्या माणसाला तो स्वतः कसा आहे ते सांगायची.

बँकेतले एक साहेब आले होते. त्यांना पक्ष्यांसाठी तीनशेपर्यंत जाणारी तोफ हवी होती. शंभर फोटोंत पक्षी निघाले चार, त्यातला एक कावळा. बाकी सगळीकडे त्यांची बायको आणि मुलगी, दगडावर बसून डबा खाताना. "साहेब, एका कावळ्यासाठी दीड किलो पाठीवर वाहणार?" मावशीने विचारलं. साहेब ओशाळले आणि मुकाट्याने लहान लेन्स घेऊन गेले.

दुसऱ्यांचं असं अचूक ठरवणारी मावशी स्वतःच्या बाबतीत मात्र अडून बसली होती. माझी आई तिची धाकटी बहीण, आणि पक्की डोंगरवेडी. वीस वर्षं ती मावशीच्या मागे लागली होती, "ताई, एकदा माझ्याबरोबर चल. सहा दिवस. वर खिंडीपर्यंत जाऊन येऊ." मावशीचं उत्तर एकच, "लेन्स ठरू दे." कधी एका लेन्सचं वजन जास्त, कधी दुसरीला संध्याकाळचा उजेड पुरत नाही.

"लेन्स म्हणजे काय नवरदेव आहे, ठरायला?" आई चिडायची.

मग एके वर्षी आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जायचं असेल तर यंदा जा, पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही. आई तिथून तडक दुकानात आली. मी तिथेच होते. "काढ तुझे आवडीचे शंभर फोटो," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ठरवू." मावशीने आयुष्यभर फोटो काढले ते फक्त दुरुस्त झालेली लेन्स तपासायला, दुकानाच्या दारात उभं राहून, समोरच्या विटांच्या भिंतीचे. हजारो फोटो आणि सगळे भिंतीचे. त्यातून आवडीचे शंभर निवडणार कसे? मला हसू फुटत होतं, पण मावशीचा चेहरा बघून ते गिळलं.

"मला चढ जमणार नाही गं," ती शेवटी म्हणाली. "जन्मभर बसून आहे मी. सात पायऱ्या चढले तरी धाप लागते. तुझ्या गळ्यात माझं लोढणं नको."

"एवढंच होय? मग हळू जाऊ," आई म्हणाली.

आता सबब उरली नव्हती. मावशीने काचेच्या कपाटातून एक वापरलेली लेन्स काढली, चोवीसपासून एकशेपाचपर्यंत जाणारी. "हीच. पाऊण किलोच्या आत आहे. आणि वाऱ्यात लेन्स बदलत बसायला नको, बदलली की आत धूळ." वीस वर्षांचा घोळ पाच मिनिटांत मिटला.

दोघी गेल्या, सहा दिवसांनी आल्या. मावशीचे ओठ फुटलेले, नाक सोललेलं. मी फोटो मागितले, तर "काही खास नाहीत" म्हणून तिने विषय बदलला. कुणालाच दाखवले नाहीत. पुढे दुकान बंद झालं, आणि मागच्या वर्षी मावशी गेली.

तिचं कपाट आवरताना मला त्या सहा दिवसांच्या फोटोंचं मेमरी कार्ड सापडलं. घरी लॅपटॉपवर उघडलं आणि सवयीने आकडे बघत गेले. एकशेपाच. एकशेपाच. पुन्हा एकशेपाच. जवळजवळ सगळ्या फोटोंत आई, पाठमोरी, वाटेवर पार पुढे. झूम संपेपर्यंत ओढूनही नखाएवढीच. लाल जर्किन होतं म्हणून ओळखू आली. मला आईचा इतका राग आला! हळू जाऊ म्हणणारी ती हीच ना? शेवटचा एकच फोटो वेगळा, आकडा चोवीस. आईचा चेहरा, इतक्या जवळून की नाक बटाट्याएवढं दिसत होतं.

लॅपटॉप घेऊन मी आईसमोर बसले आणि फाडकन विचारलं, "तिला एकटीला मागे टाकून चालत होतीस?"

आईने एकेक फोटो नीट पाहिला. तिने ते पहिल्यांदाच पाहिले होते.

"पहिल्या दिवशी शेजारीच चालले," ती म्हणाली. "अर्ध्या तासात चार वेळा म्हणाली, परत फिरू. मी जवळ असले की तिला तसं म्हणायला कुणीतरी असायचं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून पुढे निघाले. वाट एकच होती, चुकायला जागा नव्हती. तिला दिसेन एवढीच पुढे, पण हाक ऐकू येणार नाही इतकी. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर माझाच पाय निघाला नसता."

"आणि हा शेवटचा?"

"खिंडीतला. सव्वा तास बसले होते तिथे. थंडीने दात वाजत होते, आणि सारखं मनात येत होतं, ताई खाली निघून गेली असणार. मग आली. माझ्या तोंडाशी कॅमेरा आणून फोटो काढला, कॅमेरा गळ्यात सोडला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की मी कळवळले."

"मग?"

"मग काय. लहानपणानंतर पहिल्यांदाच मारलं तिने मला," आई म्हणाली आणि रडायला लागली.